कोंबड्याचं तिकीट

आमच्या घरात माझ्यावर एक आरोप आहे, आणि तो शंभर टक्के खरा आहे. मी माणसाची तारीफ त्याच्या तोंडावर करते, तीही मोठ्यानं. गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढून आलेल्या माणसाला मी आधी पंख्याखाली बसवते, पाणी देते आणि निघताना म्हणते, ‘‘नीट ठेवलं बरं दादा, फरशीले ओरखडा नाई पडला.’’ तो बिचारा गोंधळून जातो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये त्याच्याशी फक्त वजनावरून भांडतात. बँकेत एखाद्या पोरीनं पेन्शनची भानगड न कंटाळता समजावून सांगितली, तर मी जागेवरूनच मॅनेजरच्या काचेकडे तोंड करून सांगते की तुमची ही पोरगी फार चांगली आहे. अख्खी रांग वळून पाहते. पाहू दे. सून म्हणते, ‘‘आई, त्यांना पगार मिळतो त्याचा, कामच आहे त्यांचं.’’ नातू म्हणतो, ‘‘आजी, मोबाइलवर पाच स्टार देऊन टाक ना, झालं.’’ अरे, स्टार काय देतोस माणसाले! तक्रार करताना कोणाला लाज वाटत नाही, चार माणसं गोळा करून करतात; मग चांगल्याला चांगलं म्हणताना काऊन वाटावी? मी म्हणणार. माझं तोंड आहे, माझा आवाज आहे.

‘पगार मिळतो, कामच आहे त्याचं.’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका डेपोच्या ऑफिसात, कॉलेजात जायला लागले होते तेव्हा. त्या वाक्याला माझ्या मायनं तिथल्या तिथं जे उत्तर दिलं, त्यावर मी आजवर जगत आले. ते उत्तर महागात पडू शकलं असतं, आम्हाला नाही, दुसऱ्याच एका माणसाला. तीच गोष्ट आज सांगते.

आमचं गाव आलापल्लीच्या रस्त्यावरून आत, सागाच्या जंगलात. डांबरी रस्ता सुटला की मुरमाची वाट, मग एक नाला, मग आमची घरं. बा जंगलखात्याच्या कामावर जायचा, माय शेत आणि जंगल दोन्ही पाहायची. घर मातीचं, पण मायनं पांढऱ्या मातीनं असं लिपलेलं असायचं, की पाहुणा भिंतीला टेकायच्या आधी विचार करायचा. सकाळी सगळ्यात आधी मुसळाचा आवाज यायचा. धान कांडताना माय प्रत्येक घावाला नाकातून एक ‘हुं’ काढायची, आणि त्या आवाजावरून मला कळायचं की आज तिचा मूड कसा आहे. खायला भात, लाखोळीचं वरण, पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, नाहीतर तरोट्याची भाजी. फोडणी टोरीच्या तेलाची, मोहाच्या बियांचं तेल ते. शहरातल्या माणसाला त्याचा वास उग्र वाटतो. मला आजही चंद्रपूरच्या बाजारात कुठं तो वास आला, की मी पिशवी हातात धरून तिथंच उभी राहते. भाजीवाली विचारते, ‘‘काय पाह्यजे व बाई?’’ काय सांगू तिला?

आमच्या गावात मुक्कामी गाडी यायची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: दिवस बुडताना तालुक्याहून एक बस यायची, रात्री गावातच उभी राहायची आणि पहाटे परत जायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर गोटुलाच्या ओसरीत झोपायचे. गोटुल म्हणजे आमच्या गावाची सगळ्यांची जागा. सभा तिथं, सण तिथं, पाहुणा तिथं. नाल्याच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला, की माय हातातलं काम टाकून चुलीत लाकूड सारायची. ‘‘आली आपली गाडी,’’ म्हणायची. आपली! आमच्याकडे दुसरं काहीही ‘आपलं’ नव्हतं सरकारी, पण गाडी आपली होती. गाडीवाल्या दोघांचं जेवण रोज कोणत्या ना कोणत्या घरून जायचं. त्याची पाळी कोणी लावली नव्हती. ज्या घरी भाजी बरी झाली, त्या घरचा माणूस हंडी घेऊन निघायचा.

या गाडीवर बऱ्याचदा यायचे ते निमगडेभाऊ, कंडक्टर, घुग्घुसकडचे. आता तुम्हाला वाटेल, मी एका गोड, हसऱ्या, देवमाणसाचं वर्णन करणार. छे! तोंडाचा असा फाटका माणूस मी दुसरा पाहिला नाही. चढणाऱ्याला ओरडायचा, उतरणाऱ्याला ओरडायचा, जो चढलाही नाही आणि उतरलाही नाही, त्यालाही ‘‘मधात काऊन उभा हायेस गा खांबासारखा’’ म्हणून ओरडायचा. पण लेकरू कडेवर असलेली बाई दारात आली, की ओरडता ओरडता तिचं लेकरू स्वतः घ्यायचा आणि ती जागेवर बसेपर्यंत एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात तिकिटाची पेटी धरून उभा राहायचा. आमच्या गावचा सोमाजी आजा डोळ्यांनी अधू होता. त्याच्यासाठी निमगडेभाऊ वाटेत लागणारं प्रत्येक गाव नावानिशी पुकारायचे. आजा कधी विचारायचा नाही, भाऊ कधी सांगायचे नाहीत की तुझ्यासाठी पुकारतो. कोणी पळत येताना दिसलं तर घंटी मारून गाडी थांबवायचे आणि मग त्या माणसाला अख्खा रस्ताभर शिव्या द्यायचे.

दहावीनंतर मी तालुक्याला कॉलेजात गेले. आजूबाजूच्या गावांतल्या आणखी दोघींबरोबर एक खोली घेतली होती. खोलीवर चूल नव्हती, स्टोव्ह नव्हता. खायचं ते गावाहून यायचं. माय पहाटे उठून डबा करायची आणि मुक्कामी गाडीत द्यायची. माझा एकटीचा नव्हे, वाटेतल्या गावांतल्या बऱ्याच पोरापोरींचे डबे त्या गाडीतून यायचे. अर्धा दुपारी खायचा, अर्धा रात्री. डबा आला तर कॉलेज, नाही आला तर घरी, इतका सरळ हिशेब होता. बा तर वाटच पाहत होता की पोरगी कधी कंटाळून परत येते. निमगडेभाऊ ते डबे मागे कुठंतरी फेकायचे नाहीत. ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं झाकण असायचं, ते तापलेलं असायचं, त्यावर गोणपाट अंथरून डबे ओळीनं मांडायचे. ड्रायव्हर सिरोंच्याकडचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. खड्डा आला की अण्णा गाडी हळू करायचे आणि डब्यांकडे एक नजर टाकायचे. त्यामुळे माझा भात स्टँडवर पोचायचा तो कोमट. जंगलातून एवढ्या दुरून आलेला भात कोमट! हातात डबा देताना निमगडेभाऊ काय म्हणायचे? ‘‘झाकन घट्ट लाव मनून सांग तुह्या मायले. वरन सांडते. अन् डबा धुवून देत जा व पोट्टे, मुंगळे लागतात माह्या गाडीले.’’

एकदा पावसाळ्यात गाडी नाल्यात बंद पडली. मी दुपारपर्यंत स्टँडवर उपाशी बसले आणि मग खोलीवर निघून आले. संध्याकाळच्या आत दारात निमगडेभाऊ उभे. कोणत्या तरी लाकडाच्या ट्रकमध्ये बसून डबे घेऊन आले होते, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘‘पाहून काय राह्यली? घे लवकर. अजून बाकीच्याईच्या घरी जाचं हाये. डबा नाई पोचला तं तुही माय मले गावात झोपू देईन का?’’ आणि गेले. माझे डोळे भरून आले होते, ते पाहायलाही थांबले नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे नवीन धान आलं, की पंडुम होतो. गावदेवाला नवा तांदूळ दिल्याशिवाय कोणी तोंडात दाणा घालत नाही. त्या दिवशी गोटुलापुढे सगळ्या गावाचं एकत्र रांधतात आणि मग वाटे पडतात. प्रत्येक माणसाचा वाटा, पानात बांधून, सगळ्यांना सारखा. म्हाताऱ्याला तेवढाच, रांगत्या लेकराला तेवढाच. घरातलं कोणी परगावी असलं तर त्याचाही वाटा ठेवतात. आणि गाडीवाल्यांचाही वाटा असायचा. जो आमच्या शिवेत झोपतो, तो आमच्यातला, एवढा साधा कायदा. त्या वर्षी नेमकी पंडुमच्या दिवशी निमगडेभाऊंची ड्युटी दुसरीकडे लागली. मायनं त्यांचा वाटा ठेवला. नव्या धानाचे पोहे पळसाच्या पानात बांधले. पण वाट्यातल्या मटणाचं काय? ते राहत नाही. मग आमच्याकडची रीत अशी, की जो हजर नाही त्याचा वाटा जिवंत ठेवायचा. मायनं एक तरणाबांड कोंबडा बाजूला काढला आणि निमगडेभाऊ मुक्कामी आले, तेव्हा पहाटे पाय बांधून टोपलीत घालून गाडीत आणून ठेवला. मी सुट्टी संपवून त्याच गाडीनं निघाले होते.

‘‘हे काय व बाई?’’ निमगडेभाऊ ओरडले.

‘‘तुहा वाटा.’’

‘‘कोंबड्याचं तिकीट लागते गाडीत.’’

‘‘तुह्याच कोंबड्याले तुह्याच गाडीत तिकीट? वा रे वा! मंग फाड ना, कोन नाई मनते?’’

‘‘फाडतो ना. आधी मानसाईचे फाडू दे,’’ म्हणाले आणि पुढच्या गावाची गर्दी चढली. तिकिटं फाडत ते मागे सरकत होते, तेवढ्यात सागाच्या जंगलातल्या वळणावर एक जीप आडवी उभी दिसली. तपासणीचं पथक. दोन माणसं चढली. माणसांची तिकिटं सगळी बरोबर निघाली. निमगडेभाऊ शिव्या देत, पण तिकीट चुकवू देत नसत. ते दोघं उतरायलाच निघाले होते, आणि सीटखालून कोंबडा आरवला. असा आरवला मेला, जसा काही सूर्य त्याच्यासाठीच थांबला होता!

त्यांतले मोठे साहेब वळले. ‘‘कोंबडा कोणाचा?’’

‘‘माहा,’’ निमगडेभाऊ म्हणाले. ‘‘तिकीट फाडनारच होतो.’’

‘‘आणि हे डबे?’’

आता जे झालं, ते फक्त आमचीच माणसं करू शकतात. आमच्या लोकांना वाटलं, मोठा साहेब आला आहे, आपल्या कंडक्टरबद्दल विचारून राहिला आहे. एरवी साहेब लोक आमच्याशी बोलतात कुठं? मग ही संधी कोण सोडणार? सोमाजी आजा काठी टेकत उभाच राहिला. ‘‘साहेब, लय चांगला मानूस हाये हा. पोरायचे डबे रोज नेते, एक पैसा नाई घेत. आमीच त्याले देतो. सदाच देतो!’’

‘‘काय देता?’’ साहेबांनी मऊ आवाजात विचारलं.

‘‘मोह देतो, चारोळी देतो, टेंभरं देतो!’’ मागून एक बाई ओरडली. दुसरी म्हणाली, ‘‘मी मागच्या साली शहद देलं होतं!’’ तिसरा म्हणाला, ‘‘जेवन तं रोजचंच हाये जी!’’ अख्खी गाडी बोलायला लागली. जो तो आपण काय दिलं ते सांगू लागला, कारण न सांगितलं तर त्या माणसाची तारीफ कमी पडेल असं प्रत्येकाला वाटत होतं. साहेब लिहीत होते. निमगडेभाऊ एकदाही ओरडले नाहीत. ते दाराच्या दांड्याला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. तेव्हा मला समजलं की काय चाललं आहे. मी आजाचा सदरा ओढला, ‘‘आजा, बस!’’ पण आजा कशाचा बसतो? त्याला दिसत नव्हतं ना, की चेहरा कोणाचा कसा झाला ते.

निमगडेभाऊंची ड्युटी बंद झाली. आरोप असा, की फुकट डबे नेतो, बिनातिकिटाचा माल नेतो आणि त्याचा मोबदला गावकऱ्यांकडून वस्तूंत घेतो. नोकरी जाऊ शकते, असं अण्णांनी रडवेल्या आवाजात सांगितलं. बदली कंडक्टर आला, तो सज्जन होता, पण त्यानं डबे घ्यायला हात जोडून नकार दिला. त्याचं तरी काय चुकलं? माझा डबा बंद झाला. खोलीवर मुरमुरे खाऊन काही दिवस काढले आणि मग बा म्हणाला, ‘‘बस झालं शिकनं. ये घरी.’’ मी गावी आले आणि म्हटलं, चौकशी होईपर्यंत तरी थांब.

मग गावात अकलेचे सल्ले सुरू झाले. गावातले गुरुजी चांगले होते, त्यांना खरंच मदत करायची होती. ते म्हणाले, ‘‘सोपं आहे. कोंबडा दिला असं म्हणूच नका. निमगडेनं रोख पैसे देऊन विकत घेतला म्हणा. बाकी मोह-चारोळीचं काय, म्हाताऱ्याची बडबड होती म्हणून सांगा. मग मोबदला राहत नाही, तिकीट फाडायला उशीर झाला एवढंच राहतं.’’ अण्णांकरवी निमगडेभाऊंचाही तसाच निरोप आला: ‘‘बाईले मना, विकला मनून सांग. माहे लेकरं लहान हायेत.’’ आता मला सांगा, यात वाईट काय होतं? एक छोटं खोटं, एका माणसाची भाकर वाचते. सगळं गाव मायकडे पाहत होतं. माय मुसळ थांबवून म्हणाली, ‘‘वाटा इकला मनू? देवाच्या पुढचा वाटा मी इकला?’’

‘‘माय, त्याची नोकरी जाईन ना व.’’

‘‘मले समजते. मले नोको शिकवू.’’ आणि परत कांडायला लागली. पण त्या दिवशी घावाबरोबर ‘हुं’ येत नव्हतं. ती घाबरली होती. माझी माय घाबरलेली मी तेव्हा पाहिली.

चौकशीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो: माय, सोमाजी आजा आणि मी. आजाला कोणी बोलावलं नव्हतं, पण तो काठी घेऊन गाडीत येऊन बसला होता. डेपोच्या ऑफिसात टेबलामागे एक साहेब, पथकातले नव्हेत, वेगळेच, वयस्कर. चिडके नव्हते, दिवसभर अशीच कामं करून कंटाळलेले वाटत होते. निमगडेभाऊ भिंतीला लागून उभे होते. छातीला बिल्ला नव्हता, त्यामुळे ते मला अर्धेच दिसले. मायनं ‘जोहार’ केला. साहेब म्हणाले, ‘‘बसा बाई. हा कोंबडा तुम्ही विकला होता का?’’ बघा, साहेबांनीच दार उघडून दिलं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

‘‘नाई जी. देला.’’

निमगडेभाऊंनी डोळे मिटले.

‘‘कशासाठी दिला? त्यांना पगार मिळतो. कामच आहे त्यांचं.’’

माय खुर्चीवरून उठली. ‘‘तिकीट फाडाचा पगार मिळते त्याले. पोरीचा भात इंजनावर ठेवून गरम आनते, त्याचा पगार तुमी देता का? देता तं सांगा. आंधळ्या बुढ्याले गाव पुकारून सांगते, त्याचा देता? नाई ना देत? मंग जे तुमाले देता नाई येत, ते आमी देलं तं तुमचं पोट काऊन दुखते?’’

‘‘म्हणजे कामाबद्दल दिला. मोबदला.’’ साहेब शांतपणे म्हणाले. मायनं स्वतःच्या तोंडानं त्या माणसाला खड्ड्यात ढकललं होतं.

‘‘मोबदला-फोबदला नाई,’’ माय म्हणाली. ‘‘वाटा हाये तो. डबे नसते आनले, तरी असता. त्याच्या आधीचा कंडक्टर एक नंबरचा नालायक होता, त्यालेबी देत होतो. आमच्या शिवेत जो झोपते, त्याले वाटा. तुमी या, एक रात झोपा, तुमालेबी देऊ. ते काही लाच नोहे.’’

‘‘असा नियम नाही बाई.’’

‘‘तुमच्याइथी नसन. आमच्याइथी हाये, अन् तुमच्या डेपोपेक्षा जुना हाये.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू कॉलेजात आहेस ना? तू नीट सांग. विचार करून सांग. कोंबडा विकला की दिला?’’ ते मला वाट दाखवत होते, हे मला तेव्हाही कळलं. गुरुजींचं वाक्य पाठ होतं. मी मायकडे पाहिलं नाही, निमगडेभाऊंकडे पाहायची हिंमत नव्हती. मग मला असा राग आला, असा राग आला, की इतक्या चांगल्या माणसाला वाचवायला त्याच्या चांगलेपणाचाच सौदा करून दाखवावा लागतो, ही कोणती रीत? मी म्हटलं, ‘‘दिला, साहेब. माझ्यासमोर दिला. आणि त्यांनी माझा डबा आणला, रोज आणला, नाल्यात गाडी बंद पडली त्या दिवशीही आणला. हे लिहायचं तर तेही लिहा.’’

‘‘मलेबी इचारा!’’ सोमाजी आजा दारातून म्हणाला. त्याला कोणी विचारलं नाही.

साहेब निमगडेभाऊंकडे वळले. ‘‘तुमचं काय म्हणणं? विकत घेतला होता का?’’

ज्या माणसानं स्वतः निरोप पाठवला होता, त्याला आता फक्त तेच म्हणायचं होतं. बाईला समजत नाही, पोरगी लहान आहे, म्हातारा आंधळा आहे, मी पैसे दिले होते. सगळं तयार होतं. निमगडेभाऊंनी मायकडे पाहिलं. मग भिंत सोडून पुढे आले आणि ते आपल्या नेहमीच्या आवाजात, त्या फाटक्या, गाडीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, ‘‘वाटा होता साहेब. माहा होता. घेतला. जे कराचं असन ते करा.’’

मुक्कामी गाडीनं आम्ही घरी परतलो. आजही लोक मला विचारतात, तुझी माय हट्टी होती का? होती. मीही आहे. त्याचबरोबर हेही सांगते, की त्या रात्री ती जेवली नाही आणि पुढेही निकाल येईपर्यंत तिच्या घशाखाली घास नीट उतरला नाही. खरं बोलून छाती काढून फिरायला ती काही वेडी नव्हती. दुसऱ्याची लेकरं तिच्या एका ‘देला’वर लटकत होती, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

निकाल असा आला: नोकरी राहिली. शिक्षा म्हणून पगारवाढ थांबली, आणि सक्त ताकीद मिळाली, की डब्यांचं सामानाचं तिकीट फाडायचं आणि मुक्कामाच्या गावी कोणाकडूनही काहीही घ्यायचं नाही, चहासुद्धा. परत सापडला तर घरी. डब्याच्या तिकिटाचं ठीक होतं; माझा भात इतर सवाऱ्यांसारखा तिकीट काढून यायला लागला. निमगडेभाऊ ते तिकीट डब्याच्या कडीत अडकवून द्यायचे आणि भात तेवढाच कोमट असायचा. माझं कॉलेज पुढे चालू राहिलं. बा गुरगुरला, पण त्यानं परत कधी घरी ये म्हटलं नाही.

प्रश्न जेवणाचा होता. निमगडेभाऊ ड्युटीवर परत आल्यावर पहिल्यांदा मुक्कामी आले, त्या दिवशी मी गावातच होते. नाल्यावर हॉर्न वाजला, मायनं चुलीत लाकूड सारलं, भाजी-भात घेऊन गोटुलाकडे गेली. मी मागे. निमगडेभाऊ ओसरीत बसून पुड्यातली बिस्किटं पाण्यात बुडवून खात होते. आमच्या गावात, आमच्या गोटुलात, एक माणूस बिस्किटं खात होता. मायनं हंडी पुढे केली. ते मागे सरकले, जणू कोणी निखारा आणला आहे.

‘‘नोको बाई. हात जोडतो. माही नोकरी आता काचेची हाये.’’

माय हंडी घेऊन वळली. परत आली. हंडी चुलीजवळ अशी आदळली, की कोंबड्या पळाल्या. आणि मग ती घरोघरी गेली.

पुढच्या खेपेला निमगडेभाऊ आले, तेव्हा दिवस अजून बुडायचा होता. गोटुलापुढे तीन दगडांवर पंडुमची मोठी हंडी चढली होती, जी वर्षातून एकदाच बाहेर निघते. तिच्यात प्रत्येक घरचे तांदूळ, प्रत्येक घरची डाळ. कोणी किती टाकलं, कोणाला ठाऊक नव्हतं. अख्खं गाव पळसाच्या पत्रावळी घेऊन बसच्या भोवती बसलं होतं. सोमाजी आजा तर बसच्या पायरीवरच. सगळे आपापल्या हातानं हंडीतून घेत होते आणि जेवत होते. निमगडेभाऊंना कोणी हाक मारली नाही, कोणी वाढलं नाही, कोणी पत्रावळसुद्धा पुढे सरकवली नाही. ते ओसरीत उभे. हातात बिस्किटाचा पुडा.

मायनं घास गिळला आणि वर न पाहता, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘‘कोनाकडून घेऊ नोको मनलं ना तुले साहेबानं? मंग नोको घेऊ. आमी कोनी देतच नाई. हंडी कोना एकाची नोहे. हंडीतून घे.’’

अण्णा आधी उठले. मग निमगडेभाऊ खाली आले, स्वतः पत्रावळ घेतली, स्वतः पळी घेतली, स्वतः वाढून घेतलं आणि आमच्यात मांडी घालून बसले. कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं आणि सगळे पाहत होते. त्यांनी पहिला घास घेतला, चावला, तोंड वाकडं केलं.

‘‘मीठ कमी हाये व बाई.’’

‘‘अस्सं?’’ माय म्हणाली. ‘‘तं नोको खाऊ! चांगलं मन, नाईतर उठ!’’

निमगडेभाऊंनी एकदा सगळ्या गावाकडे पाहिलं. आवाज गाडीतलाच निघाला. ‘‘चांगलं हाये,’’ ते ओरडले. ‘‘लय चांगलं हाये. लिवून घ्या कोनाले लिवाचं हाये ते!’’